पाणपोई आणि नळ

(वस्तीतल्या युवक मंडळानं जयंतीच्या महिन्यातलं समाजकार्य ठरवायला २० मार्चच्या रात्री बैठक घेतली. त्या बैठकीत केलेलं हे भाषण. बोललो तसंच उतरवून काढलंय. शिव्या तेवढ्या गाळल्या.)

दोस्तांनो, आणि मागं दाराशी उभ्या राहिलेल्या आयाबहिणींनो — जागा करा रे पोरांनो, त्यांना आत येऊ द्या — जय भीम.

मी काही वक्ता नाही. मॅट्रिक झालो आणि बापाच्या मागं गोदीत शिरलो. बाप कायम होता, मी ठेकेदाराकडं. दिवसा लोखंडाला स्लिंग मारतो, रात्री जमलं तर चार ओळी लिहितो. तुमच्यातल्या काहींनी त्या वाचल्यात म्हणून मला बोलावलं. पण आज कविता वाचणार नाही हे मी आधीच सांगितलंय. का, ते पुढं सांगतो.

तुमच्या सेक्रेटरीनं कामाची यादी माझ्या हातात दिली. सात कलमं आहेत. चौकात पाणपोई. पोरांना वह्यावाटप. स्वच्छता अभियान. रक्तदान. दवाखान्यात फळवाटप. 'माणुसकी जागवा' रॅली. आणि सातवं, स्वयंसेवकांना टी-शर्ट. खर्चाचे आकडे बघितले तर सगळ्यात मोठा आकडा टी-शर्टचा. छातीवर बाबासाहेब आणि पाठीवर एका भाऊंचा फोटो. भाऊ निम्मा खर्च देणार आहेत म्हणे. बाबासाहेब पुढं आणि भाऊ मागं. मागून ढकलायला सोपं जातं.

हसू नका. मी टिंगल करायला आलेलो नाही. वीस-बावीस पोरंपोरी आपापल्या कामातून, कॉलेजातून वेळ काढून वस्तीसाठी काही करायचं म्हणतात, ही गोष्ट लहान नाही. शेजारच्या मंडळात डीजेचे बॉक्स किती लावायचे यावरून गचांडी धरलीय. तुम्ही कागद-पेन घेऊन बसलात. म्हणून तर तुमच्याशी भांडावंसं वाटतं. ज्यांच्याकडून काही आशा नाही त्यांच्याशी कोण कशाला भांडेल?

पहिलं भांडण शब्दाशी. यादीच्या डोक्यावर लिहिलंय 'समाजसेवा'. दोस्तांनो, आपल्या बापजाद्यांनी दुसरं केलं काय? मेलेलं ढोर ओढलं ती सेवा. मयताचा सांगावा घेऊन उन्हातान्हात गावोगाव पळाले ती सेवा. वेशीवर रात्र जागून काढली ती सेवा. धर्मानं शूद्राला एकच काम लिहून दिलं, वरच्या तिन्ही वर्णांची सेवा, आणि तीही कुरकुर न करता. आपण तर त्या चौथ्याच्याही बाहेरचे. ज्या पोथीत हे लिहिलं ती २५ डिसेंबर १९२७ला महाडला जाळली. त्यामुळं कुणी माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणालं, 'बाळा, सेवा कर', की माझे कान उभे राहतात. कुणाची करू? कशासाठी करू? आणि ज्याचं ते काम होतं, ज्याला त्याचा पगार मिळतो, तो कुठं गेला?

दुसरं भांडण वह्यांशी. मी चौथीत होतो. शाळेच्या मैदानात मांडव घातला होता. आम्हाला नावानं नाही, जातीच्या यादीनं रांगेत उभं केलं. पाहुण्यानं वही माझ्या हातात दिली पण सोडली नाही. फोटोवाला म्हणाला, 'इकडं बघ, हस.' मी हसलो. मग पाहुण्यानं वही सोडली. वहीच्या पुठ्ठ्यावर त्याचं थोबाड छापलेलं. वर्षभर त्याच्या थोबाडाखाली मी भागाकार केले. वही कामाला आली, खोटं कशाला बोलू? आई धुणीभांडी करायची, तिचे तेवढे पैसे वाचले. पण तेव्हापासून कुणी मला काही दिलं की आधी हसावं लागतं, असं अंगात भिनलं. ते काढायला मला दहा वर्षं लागली. तुम्ही येत्या महिन्यात शंभर पोरांच्या अंगात ते भरणार आहात का, एवढंच विचारतो.

आता आजची तारीख. आज २० मार्च. १९२७ साली आजच्याच दिवशी बाबासाहेब हजारो माणसं घेऊन महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले. हे आपल्याला पाठ आहे. पण थोडं मागं आणि थोडं पुढं बघा. मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोले यांनी सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करायचा ठराव १९२३ साली पास करून घेतला होता. महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं असल्याचा ठरावही केला होता. म्हणजे कागदावर तळं खुलं होतं, पण घशाखाली थेंब जात नव्हता. मग लोक गेले, पाणी प्याले, परतताना मार खाल्ला. पुढं सनातन्यांनी कोर्टात दावा लावला. तो दावा चालला, चालला, आणि १९३७च्या मार्चमध्ये मुंबई हायकोर्टात आपल्या बाजूनं निकाल लागला. ओंजळीला एक दिवस लागला. निकालाला दहा वर्षं.

आता मला सांगा, महाडला त्या दिवशी पाणपोई लावता आली नसती का? दहा रांजण भरून ठेवले असते. तहान भागली असती. कुणाचं डोकंही फुटलं नसतं. वरच्या आळीतल्या चार दयाळू माणसांनी रांजणाचे पैसेही दिले असते. पण मग तळं कुणाचं राहिलं असतं?

बाबासाहेबांनी हे नुसतं करून दाखवलं नाही, लिहूनही ठेवलं. १९३२ साली पुणे करार झाला. लगेच मुंबईत अस्पृश्यता निवारणासाठी एक संस्था निघाली, तिलाच पुढं हरिजन सेवक संघ म्हणू लागले. तिचे चिटणीस ठक्कर. बाबासाहेब गोलमेज परिषदेला बोटीनं निघाले होते. १४ नोव्हेंबर १९३२ला त्यांनी 'व्हिक्टोरिया' बोटीवरून ठक्करांना लांबलचक पत्र लिहिलं. मी गोदीतला माणूस, मला त्या पत्राचं फार वाटतं. त्यात त्यांनी म्हटलं ते माझ्या भाषेत सांगतो. सेवेच्या दोन पद्धती आहेत. एक पद्धत म्हणते, गरीब माणूस गरीब आहे कारण त्याचाच काहीतरी दोष आहे. त्याला दारू सोडायला लावा, तालीम काढून द्या, वाचनालय काढून द्या, म्हणजे तो सुधारेल. दुसरी पद्धत म्हणते, दोष त्याच्याभोवतीच्या व्यवस्थेत आहे, ती बदला. बाबासाहेबांनी सांगितलं, तुमच्या संस्थेनं आपली ताकद दुसरीकडं लावावी. गावच्या विहिरीवर पाणी, गावच्या शाळेत प्रवेश, चावडीवर जागा, सार्वजनिक गाडीत जागा, या हक्कांसाठी मोहीम काढावी. यात दंगे होतील हेही त्यांनी लिहिलं. आणि तरी दुसरा रस्ता नाही, असं लिहिलं.

आणि हेच बाबासाहेब, लक्षात घ्या, वाचनालयाच्या विरुद्ध नव्हते. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. त्या सभेनं सोलापूरला वसतिगृह चालवलं, मुंबईत वाचनालय चालवलं. पण ते आपल्या माणसांनी आपल्यासाठी केलेलं होतं. पायात बळ यावं म्हणून केलेलं होतं, पाया पडावं म्हणून नव्हे.

आता तुमच्यातला एखादा म्हणेल, हा गोदीवाला नुसतं राजकारण बोलतोय. माणूस समोर तहानलेला असताना याला हायकोर्ट आठवतं. बरोबर आहे. म्हणून आता उलटी बाजू सांगतो.

१८९७ साली पुण्यात प्लेग होता. लोक आपल्या घरच्यांना टाकून पळत होते. सावित्रीबाई फुल्यांचं वय तेव्हा सहासष्ट. मुलगा यशवंत डॉक्टर. त्यानं पुण्याबाहेर दवाखाना उघडला आणि सावित्रीबाई रोगी गोळा करून आणत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातलं एक आजारी पोर त्यांनी पाठीवर घालून आणलं. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. त्यांनी पोराला असं सांगितलं का, की थांब, आधी मी नगरपालिकेला अर्ज करते? पोर आधी पाठीवर घेतलं.

आणखी एक माणूस सांगतो, लांबचा, स्वित्झर्लंडचा. हेन्री ड्युनंट. डॉक्टर नाही, पुढारी नाही, धंदेवाला माणूस. १८५९च्या जूनमध्ये इटलीत सोल्फेरिनोला मोठी लढाई झाली. हा आपल्या धंद्याच्या कामानं तिकडं गेला होता. बघतो तर जखमी सैनिक हजारोंनी पडलेले, पाणी पाजायला कुणी नाही. शेजारच्या कास्तिल्योने गावातल्या बायका पुढं झाल्या. ज्या चर्चमध्ये जखमी टाकले होते तिथं त्यांनी पाणी आणलं, पट्ट्या बांधल्या. हा आपल्या बाजूचा, तो शत्रूचा, असं बघितलं नाही. ड्युनंट त्यांच्यात राबला. पण घरी गेल्यावर तो गप्प बसला नाही. त्यानं पुस्तक लिहिलं, देशोदेशीच्या सरकारांना ते वाचायला लावलं. १८६३ला जिनिव्हात समिती झाली, १८६४ला पहिला जिनिव्हा करार झाला. जखमी माणूस कुठल्याही बाजूचा असो, त्याची शुश्रूषा झालीच पाहिजे, हा कायदा झाला. रेड क्रॉस त्यातूनच उभी राहिली. बायकांनी पट्टी बांधली नसती तर पुस्तकाला काही अर्थ नव्हता. आणि पुस्तक लिहिलं नसतं तर पुढच्या लढाईत पुन्हा तेच झालं असतं.

फुल्यांचंही तेच. १८७६-७७च्या दुष्काळात सत्यशोधक समाजानं पुण्याजवळ धनकवडीला उपाशी पोरांसाठी अन्नछत्र चालवलं. आणि त्याच जोतीरावांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून शेतकरी उपाशी का मरतो त्याचा हिशेब मांडला. एका हातात पळी, दुसऱ्या हातात असूड. तुमच्या यादीत पळी आहे. दुसरा हात मोकळा आहे, आणि त्यात भाऊ टी-शर्ट देतायत.

आता कविता का वाचत नाही ते सांगतो.

दोन वर्षं झाली. आमच्या टोळीत एक माणूस होता. वयानं मोठा, म्हणून आम्ही त्याला मामा म्हणायचो. जहाजाच्या पोटात काम चाललं होतं. लोखंडी पत्र्यांचा बंडल उचलताना स्लिंग सरकली आणि बंडल तिरपा होऊन मामाच्या मांडीवर आला. आम्ही अकरा जण होतो. एक जण त्याच्या तोंडात पाणी ओतत होता, शुद्ध नसलेल्या माणसाच्या. एक जण व्हिडिओ काढत होता. दोघांनी बखोटीला धरून उचलला. रक्त नुसतं वाहत होतं. कुणाच्याही डोक्यात आलं नाही की अंगातला शर्ट काढावा, घडी करावी आणि जखमेवर दोन्ही हातांनी, सगळा भार टाकून दाबून धरावं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, रक्त फार गेलंय. विचारलं त्यानं, कुणी दाबून धरलं नव्हतं का? आम्ही अकरा जण एकमेकांच्या तोंडाकडं बघत उभे.

मग कागद पुढं आला. पेशंटचं नाव? आम्ही म्हणालो, मामा. पूर्ण नाव? कुणाला ठाऊक नाही. गाव? लातूरकडं कुठंतरी. त्याच्याजवळचा पास भलत्याच माणसाच्या नावाचा निघाला. त्याचा स्वतःचा पास झालाच नव्हता, ठेकेदार त्याला दुसऱ्याच्या पासावर आत सोडत होता. पाच वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो, आणि मामाचं नाव आम्हाला तो मेल्यावर चार दिवसांनी कळलं, त्याची बायको आली तेव्हा.

त्या रात्री मी कविता लिहिली. अडतीस ओळींची. छापून आली. तुमच्यातल्या दोघांनी आत्ताच येताना तिचं कौतुक केलं. आता पुढचं ऐका. कामावर मेलेल्या मजुराच्या घरच्यांना भरपाई द्यायचा कायदा या देशात १९२३पासून आहे. पण मामा कागदावर नव्हताच. तो आमच्यासोबत कामाला होता, आमच्या डोळ्यांदेखत मेला, असं आम्ही अकरा जणांनी लिहून द्यायला हवं होतं. मुकादम फिरून गेला. म्हणाला, सही करणाऱ्याची पाळी बंद. चौघांनी सही केली. सात जणांनी नाही केली. त्या सातांत मी होतो.

मी कविता केली. सही नाही केली.

मामी ठेकेदारानं दिलेले वीस हजार रुपये पदरात बांधून गावाला गेली. चार सह्यांवर प्रकरण टिकलं नाही. ती चार माणसं आता कामावर नाहीत. मी आहे. हे मी आज पहिल्यांदा चारचौघांत बोलतोय. म्हणून कविता नको. म्हणूनच तुमच्या यादीतलं 'माणुसकी जागवा' वाचून मला बसल्या जागी घाम फुटला. माणुसकी रॅलीत जागत नाही, दोस्तांनो. तिची परीक्षा सहीच्या वेळी होते. त्या परीक्षेत मी नापास झालोय आणि तुम्हाला पास व्हा म्हणून सांगायला आलोय.

हे एका मामाचं झालं. मोठं चित्र बघा. १४ एप्रिल १९४४. बाबासाहेबांचा त्रेपन्नावा वाढदिवस. ते तेव्हा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खातं सांभाळत होते. त्या दुपारी चारच्या सुमाराला याच शहरातल्या व्हिक्टोरिया डॉकात 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज फुटलं. एकाच जहाजात कापसाच्या गठाणी आणि दारूगोळा भरला होता. कापसाला आग लागली आणि मग अर्ध्या तासात दोन स्फोट. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांचा आकडा पक्का आहे, दर १४ एप्रिलला देशभर त्यांना मानवंदना देतात, आणि दिलीच पाहिजे. पण एकूण माणसं किती मेली? कुणी आठशे म्हणतं, कुणी तेराशे. मधल्या पाचशेंचं काय? ते पाचशे कोण असतील हे मला गोदीतल्या माणसाला कुणी सांगायला नको. ते सगळे मामा होते.

आणि अलीकडचं. २०२०चा लॉकडाऊन. माणसं शेकडो मैल चालत घरी निघाली. ८ मेला पहाटे जालन्याहून निघालेले मध्य प्रदेशचे सोळा मजूर तेव्हाच्या औरंगाबादजवळ, करमाडच्या बाजूला रुळावर झोपले होते. मालगाडीखाली गेले. रुळावर त्यांच्या भाकऱ्या पसरल्या होत्या. त्याच सप्टेंबरात लोकसभेत प्रश्न आला, असे किती स्थलांतरित मजूर मेले? सरकारनं उत्तर दिलं, असा आकडा ठेवलेला नाही. मग भरपाई? आकडाच नाही, म्हणून प्रश्नच उद्भवत नाही.

कळलं का काय म्हणतोय? ज्याची मोजणी नाही त्याचा हक्क नाही. म्हणून आपल्या मंडळाचं पहिलं काम वाटप नाही. पहिलं काम मोजणी.

आणि मोजायला लागलात की आधी स्वतःचं पाप सापडेल. त्याच लॉकडाऊनमध्ये आपण रेशनची पाकिटं वाटली. मी होतो त्यात. यादी मीच केली, अक्षर चांगलं म्हणून. परवा ती वही सापडली. वस्तीच्या टोकाला, संडासाच्या मागं सफाई कामगारांची गल्ली आहे. एकतीस घरं. त्यातलं एकही नाव यादीत नाही. वरच्या माळ्यावर भाड्यानं राहणारे बिहारची पोरं, तीही नाहीत. कुणी ठरवून गाळलं नाही. कुणाला आठवलंच नाही. दोस्तांनो, आपल्यावर हजार वर्षं हेच झालं. कुणाला आपण आठवलोच नाही. आणि आज या बैठकीत त्या गल्लीतलं कोण आहे? हात वर करा. ... बघा. आपण निळा झेंडा लावतो, माणूस सगळा सारखा म्हणतो, आणि त्यांच्या घरी चहा प्यायची वेळ आली की आपलं पोट बिघडतं. कास्तिल्योनेच्या बायकांना शत्रूचा सैनिक दिसला. आपल्याला शेजारची गल्ली दिसत नाही.

तर मग करायचं काय? तुमची यादी फाडायची नाही. तिचीच कलमं घेऊ आणि प्रत्येकाला दुसरा हात जोडू.

पाणपोई लावा. एप्रिलचं ऊन आहे, रस्त्यानं जाणाऱ्याला पाणी मिळालं पाहिजे. पण वस्तीतल्या मागच्या चार गल्ल्यांत नळ नाही. बाया ड्रमाला पैसे मोजून पाणी घेतात. विकतं कोण? तुमच्या टी-शर्टवरच्या भाऊंचा माणूस. वर्षभर पाणी विकायचं आणि जयंतीला पाणपोई लावायची, वा रे भाऊ! आता कागद ऐका. १५ डिसेंबर २०१४ला पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई हायकोर्टानं सांगितलं की घर अधिकृत आहे की नाही यावर माणसाचं पाणी तोडता येत नाही. पाणी हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. २०२२ साली मुंबई महापालिकेनं 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण आणलं. म्हणजे पुन्हा महाडसारखंच, कागदावर तळं खुलं आहे. तेव्हा पाणपोईच्या मांडवातच एक टेबल टाका. नळ नसलेल्या घरांचे गट करा आणि तिथंच जोडणीचे अर्ज भरा. ते घेऊन सगळ्यांनी मिळून ऑफिसात जा, बाया पुढं. पोच घ्या, शिक्का मारून. ऑफिसवाला म्हणेल, जमीन आमच्या खात्याची नाही. म्हणू दे. तसं लिहून मागा. तोंडी नकार कोर्टात चालत नाही. तीस दिवसांत हालचाल नाही झाली तर २००५चा माहिती अधिकार आहे, अर्जाला दहा रुपये लागतात. एका टी-शर्टच्या पैशात वीस अर्ज होतात.

वह्या द्या, पण रांग नको आणि फोटो नको. वह्यांचा गठ्ठा अभ्यासिकेत ठेवा, ज्याला लागेल तो नेईल. आणि वह्यांबरोबर पोरांची मोजणी करा. शाळेत कोण जात नाही, कुणाचा जातीचा दाखला अडलाय, कुणाचा स्कॉलरशिपचा अर्ज राहिलाय. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा ठेवल्यात. आपल्या वस्तीतल्या किती आयांना ते ठाऊक आहे? कॉलेजातल्या पोरींनो, हे काम तुमचं. तुमच्याइतकं फॉर्म भरायला कुणाला येत नाही.

स्वच्छता अभियान. नवी कोरी झाडू घेऊन फोटो काढणार असाल तर ती झाडू आधी त्या गल्लीतल्या माणसाला दाखवा, तो हसेल. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात, संडासाच्या टाकीत उतरवून साफ करून घेणं हा २०१३च्या कायद्यानं गुन्हा आहे. २७ मार्च २०१४ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, १९९३पासून जे जे असे मेले त्यांच्या घरच्यांना दहा लाख द्या. २०२३च्या ऑक्टोबरात तेच तीस लाख केले. आपल्या संडासाची टाकी साफ करायला माणूस उतरवला तर मंडळानं तिथं उभं राहून काम थांबवायचं आणि यंत्र मागायचं. हे आपलं स्वच्छता अभियान. आणि ते ठरवायला पुढची बैठक त्या गल्लीत घ्या. चहा त्यांच्या घरचा. हे कलम मी हात जोडून सांगतो.

रक्तदान करा, चांगलंच आहे. पण वाहणारं रक्त थांबवायलाही शिका. रेड क्रॉस आणि सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सवाले प्रथमोपचार शिकवतात. जखम दाबून धरायची. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. पाठीला, मानेला मार असेल तर उगाच हलवायचं नाही. १०८ला फोन करायचा. प्रत्येक गल्लीत दोघांना एवढं आलं पाहिजे, एक पोरगा आणि एक पोरगी. हे मी कुणाच्या आठवणीनं सांगतोय ते तुम्हाला कळतंय.

रॅली काढायची तर काढा. पण घोषणांच्या जागी मोजणीचे आकडे लिहा. घरं किती, नळ किती, संडासाची भांडी किती, बंद किती. भीमराव कर्डकांनी जलसे केले, गाण्यातून आणि सोंगातून अडाणी माणसाच्या काळजाला हात घातला. आपल्याकडं ढोलकी आहे, गाणारी पोरं आहेत. पाणी विकणाऱ्या भाऊंवर एक वग बसवा. लिहून मी देतो. तेवढं मला जमतं.

आणि टी-शर्ट रद्द. भाऊंचे पैसे परत. हे सांगायला जाताना चार-पाच जण मिळून जा. मला पुढं करा. मुकादमाला एकदा घाबरलो, परत घाबरायचं नाही असं ठरवलंय. जमेल की नाही ते त्या दिवशी कळेल.

शेवटचं. एक सेवा माणसाला कायमचा रांगेत उभा करते. दुसरी त्याला रांगेतून बाहेर काढते. आपण केलेलं काम कुठलं, हे ओळखायची खूण सोपी आहे. पुढच्या वर्षी त्याच जागी तीच पाणपोई लावावी लागली तर समजा आपण फुकट घाम गाळला. पुढच्या वर्षी मागच्या गल्लीतल्या एखाद्या बाईनं आपल्या दारातला नळ सोडला आणि 'कशाला रे आता पाणपोई?' असं विचारलं, की समजा मंडळानं काम केलं.

सेक्रेटरी, यादीचा कागद दे. मागची बाजू कोरी आहे. तिच्यावर मोजणी लिहायला घेऊ. पहिलं घर संडासामागच्या गल्लीतलं. आणि नाव लिहिताना पूर्ण लिहा, बापाचं, आईचं, गावाचं. मामा, काका, भाऊ असलं काही लिहायचं नाही.

उद्या माझी पाळी नाही. सकाळी सातला मी त्या गल्लीच्या तोंडाशी उभा असेन. ज्याला यायचं त्यानं यावं.

जय भीम.